शेजारची नवी इमारत

अन्न व वस्त्र यांच्या खालोखाल मनुष्यास घराची गरज असते. परंतु घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. गल्ली, नळ, गटार, दारचें झाड आणि शेजारी हीं सर्व मिळून घर होतें. म्हणूनच मुंबईच्या एखाद्या जुन्या वाडींत कौलारू घर पाडून तेथें अनेक कुटुंबांची उंच इमारत होणार, अशी वार्ता आली कीं वाडींत खळबळ उडते. सायंकाळीं ओट्यावर मंडळी जमतात. कोणी म्हणतो, पाणी पुरणार नाहीं. कोणी म्हणतो, आमचें ऊन जाईल. आणि कोणी हळूच म्हणतो, कोण लोक राहावयास येतील देव जाणे! या बोलण्यांत न्याय्य तक्रार कोणती व नुसती भीति कोणती, हें पारखून पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम उजेड व वारा यांचा विचार करूं. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची म्हणजे प्लेगची सांथ आली. मांडवी भागांतील रोगी पाहून डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तिचें निदान केलें. त्या भागांत घरें एकमेकांस खेटून उभीं होतीं व कित्येक खोल्यांत दिवसाही अंधार असे. या अनुभवानंतर १८९८ सालीं शहराच्या सुधारणेसाठीं ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहानें पुढें मांडला. भूमिति शिकणाऱ्या मुलांनीं तो ताडून पाहावा. आपल्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिनें जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करूं नये. म्हणजे समोरची इमारत ४० फूट उंच असेल, तर मध्यें निदान २० फूट जागा मोकळी हवी. आजचे नियम निराळे आहेत. तथापि जितकी उंची अधिक तितकें अंतर अधिक, हें तत्त्व जुनें झालेलें नाहीं. तेव्हां ऊन जाईल ही तक्रार हट्टाची नव्हे.

आतां पाणी. शहरांतील मनुष्यास दररोज १३५ लिटर पाणी लागतें, असें मान आपल्याकडे धरितात. नव्या इमारतींत ८० कुटुंबें आलीं व प्रत्येकांत पांच माणसें असलीं, तर रोज ५४,००० लिटर पाणी हवें. त्यांतील सुमारें चार पंचमांश, म्हणजे ४३,००० लिटरांहून अधिक, सांडपाणी होऊन परत गटारांत येतें. गटार जर दहा घरांसाठीं बांधलेलें असेल, तर पावसाळ्यांत तें कोणाच्या उंबऱ्यावर चढेल, हें सांगावयास पंडित नको.

किती बांधावें याचें माप ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ या नांवानें ओळखलें जातें. निर्देशांक एक असेल, तर जितकी जमीन तितकेंच एकंदर बांधकाम करतां येतें. मग तें सर्व जमिनीवर एक मजला करून करा, अथवा पाव जमिनीवर चार मजले चढवून करा. निर्देशांक कागदावर एका ओळीनें वाढतो. नळ, गटार व रस्ता मात्र तसे वाढत नाहींत. ते खणावे लागतात.

येथवर शेजाऱ्यांचें म्हणणें रास्त आहे. परंतु ‘कोण लोक येतील’ ही कुजबुज आम्हांस त्याच मापानें मोजतां येत नाहीं. जातीला, धर्माला वा गरिबीला गटाराचें गणित लागू होत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे कोंकणांतून, घाटावरून अथवा गोव्याहून वळकटी घेऊनच या शहरांत उतरले. त्यांना जागा देणारा कोणी होता म्हणून आज आपण ओट्यावर बसून बोलतों. इतिहास दुसरीही एक गोष्ट शिकवितो. ट्रस्टनें दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते केले. पण जितकीं बिऱ्हाडें उठलीं तितक्या खोल्या वेळेवर झाल्या नाहींत. उठलेले लोक जवळच्याच वाड्यांत दाटीनें शिरले, आणि एका ठिकाणची दाटी दुसऱ्या ठिकाणीं गेली. पुढें १९२० नंतर सरकारी डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळींत ८० खोल्या, व खोली सुमारें १६० चौरस फुटांची! अशा खोलींतही पिढ्यान्‌पिढ्या संसार झाले. तेव्हां घर कोणालाच बांधूं न देणें हा उपाय नव्हे.

मग करावें काय? १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वयें विकास आराखड्यांत फेरबदल करावयाचा झाल्यास आधीं सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात; त्यासाठीं एक महिन्याची मुदत असते. पण इमारत चालू नियमांत बसत असेल, तर शेजाऱ्यांची संमति सहसा विचारीत नाहींत. म्हणून बोलावयाची खरी वेळ आराखडा होतांना असते, पाया खणल्यावर नव्हे. मंजूर नकाशे पाहावयाचे असल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं अर्ज करतां येतो. हरकत लिहितांना ‘आम्हांस नको’ एवढेंच लिहूं नये. गटार किती रुंद आहे, नळास पाणी किती वेळ येतें, रस्त्यांत आगीचा बंब वळूं शकतो कीं नाहीं, हें स्वतः मोजून लिहावें. हें काम वरच्या वर्गांतील मुलांनाही करतां येण्याजोगें आहे.

शास्त्र्यानें प्रभूला ‘माझा शेजारी कोण?’ असें विचारलें, तेव्हां उत्तरादाखल त्याला परक्या शोमरोन्याची गोष्ट ऐकावी लागली. उद्यां समोरच्या इमारतींत जें मूल येईल, तें कदाचित्‌ आपल्याच बांकावर येऊन बसेल. त्याच्या घरीं पाणी यावें व आपल्या घरचें ऊन जाऊं नये, या दोन्ही गोष्टींसाठीं जो भांडेल, त्याचीच हरकत आम्ही खरी समजूं.