हप्ता चुकवायचा नाही

चार्ल्स डिकन्सची कादंबरी बहुधा हिरव्या वेष्टनातल्या पातळ पुस्तिकांतून वाचकांच्या हाती पडायची. महिन्याला एक अंक, 32 पानं, किंमत एक शिलिंग. पहिला अंक बाजारात जायचा तेव्हा पुढची बरीचशी कादंबरी लिहायचीच असे. छापून गेलेल्या प्रकरणात मागाहून काही घुसडता येत नाही, तेव्हा पुढचं भान आधीच ठेवणं भाग होतं.

'डॉम्बी अँड सन'पासून (1846) त्याने दर अंकासाठी एक कागद करायचा शिरस्ता पाडला. कागदाचे दोन भाग. डावीकडे स्वतःशीच सवालजवाब: अमक्याला या अंकात आणायचं का? होय. तमकी? नको, पुढे बघू. उजवीकडे प्रकरणांची नावं आणि त्यांत काय घडणार ते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात हे कागद आहेत. 'ब्लीक हाउस'मधल्या जो या रस्ते झाडणाऱ्या पोराचा मृत्यू पुस्तकात काळीज पिळवटून टाकतो. कागदावर मात्र त्याचा निकाल जेमतेम तीन-चार शब्दांत लागला आहे, वाण्याने वहीतलं खातं बंद करावं तसा.

पण हे कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. 'डेव्हिड कॉपरफील्ड' चालू असताना त्यातल्या मिस माउचर या बुटक्या स्त्रीत आपलंच चित्र पाहून ओळखीच्या एका बाईने डिकन्सकडे तक्रार केली. दुष्टाव्याकडे झुकणारं ते पात्र पुढच्या अंकांत चक्क सज्जन झालं! सगळी कादंबरी एकदम छापली असती तर ही दुरुस्ती झाली नसती.

कादंबरीचा आराखडा प्रतिभेइतकाच लेखकाच्या वेळापत्रकातून निघतो, असं मला वाटतं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यात क्रमशः छापली. संपादक तेच, लेखकही तेच. नायिका यमूने आपली हकिकत आपल्याच तोंडाने सांगायची, ही रचना साप्ताहिकाला फार सोयीची: आठवण जाईल तिकडे कथेने जावं. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या मात्र अपुऱ्याच राहिल्या.

अँथनी ट्रॉलप टपालखात्यात नोकरीला. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द. तीन तासांनी दिवसाचं लेखन संपलं. कथानकाची आखणी त्याला जमतही नसे, रुचतही नसे. पात्रांना सतत मनात वागवणं हीच त्याची तयारी. मृत्यूनंतर 1883 मध्ये आत्मचरित्रातून हा हिशेब बाहेर आला आणि रसिकांनी नाकं मुरडली. सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिणाऱ्याने आणखी काय करायला हवं होतं?

दोस्तोव्हस्कीचा 'जुगारी' 26 दिवसांत झाला, ही गोष्ट नेहमी चमत्कार म्हणून सांगितली जाते. 1 नोव्हेंबर 1866 पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर नऊ वर्षं त्याचं सगळं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. रात्री टिपणं काढायची, दिवसा लघुलिपी जाणणाऱ्या अ‍ॅनाला मजकूर सांगायचा; ती घरी जाऊन पक्की प्रत करी. चमत्कार खरा, पण कथेचा सांगाडा त्याने तीन वर्षांपूर्वीच एका पत्रात मांडला होता. हस्तलिखित घेऊन गेला तर प्रकाशक गावाला गेलेला. शेवटी ते पोलीस ठाण्यात देऊन त्याने पावती घेतली. पुढच्या फेब्रुवारीत अ‍ॅनाशी लग्न झालं, आणि नंतरच्या कादंबऱ्याही तो तिलाच सांगत गेला.