भिंतीवरची सिगारेट, कपाटातलं पोस्टर

रस्त्यावरची जाहिरात कुणी जपून ठेवतं का? बर्लिनचे दातांचे डॉक्टर हान्स साक्स ठेवायचे. १९०५ मध्ये पुढाकार घेऊन त्यांनी पोस्टरप्रेमींचं मंडळच काढलं. तेव्हा तिथं सिगारेटच्या, आगकाड्यांच्या जाहिराती नामवंत चित्रकार करत. 'प्रीस्टर' आगकाड्यांसाठी लुसियन बर्नहार्डनं म्हणे आधी सिगार, राखदाणी, धुरातून नाचणाऱ्या मुली रंगवल्या, मग एकेक पुसलं. उरल्या दोन काड्या आणि नाव. मला तेच आवडतं!

ही पोस्टरं दगडावर चित्र काढून छापत, रंगागणिक वेगळा दगड. म्हणून विकत घेणाऱ्यानं भिंग जवळ ठेवावं. आजच्या नकलेत ओळीनं सारखी टिंबं दिसतात. जुन्या छपाईत खडूनं काढल्यासारखा कमीजास्त रवा.

साक्स ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी त्यांची सुमारे १२,५०० पोस्टरं जप्त केली. ते अमेरिकेला निसटले. सगळं नष्ट झालं समजून १९६१ मध्ये त्यांनी भरपाई घेतली. पण हजारो पोस्टरं पूर्व बर्लिनच्या संग्रहालयात सुखरूप होती! ती मुलाला मिळाली २०१२ च्या कोर्टाच्या निकालानंतर. हान्स जाऊन तेव्हा अडतीस वर्षं झाली होती.