काच नवी, खतावणी जुनी

अहेरीतील आमच्या किराणा दुकानात आषाढापासून दिवाळीपर्यंत रोखीपेक्षा उधारीच अधिक लिहिली जाते. रोवणीच्या दिवसांत नेलेल्या तेल-मिठाचे पैसे धान निघाल्यावर यायचे, हा आमच्या भागाचा जुना रिवाज. वडिलांच्या काळी ही उधारी लाल कापडी बांधणीच्या वहीत असे. अलीकडे ती गल्ल्याशेजारच्या टॅबमध्ये असते. दिवाळीच्या वहीपूजनात नव्या वहीशेजारी आम्ही तो टॅबही मांडतो. वहीला काही झाले, तर तिची पाने तरी उरतात. टॅबचे तसे नाही, हे आम्हांला गेल्या पर्युषणात कळले.

पर्व सुरू होण्याच्या आधल्या आठवड्यात एक किलोचे वजन हातून सुटून टॅबवर पडले आणि काच तडकली. टॅब दुरुस्तीसाठी एसटीने चंद्रपूरला पाठविला. ते अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. चार दिवसांनी तो परत आला. काच निर्मळ, चित्र उत्तम. परंतु डावीकडच्या खात्यावर बोट ठेवावे, तर उजवीकडचे खाते उघडे. दुरुस्ती करणाऱ्यास फोन केला. उत्तर आले, “रीसेट मारा शेठजी, होऊन जाते.”

थोरले बंधू तसे करण्यास निघालेही होते. पावसाळ्यात नेटवर्क धड नसल्याने हिशेबाची प्रत कित्येक आठवडे बाहेर गेलेली नव्हती. नागपूरला शिकणारा माझा मुलगा संवत्सरीसाठी घरी आला होता. तो म्हणाला, “मोठे बाबा, थांबा. उधारी पुसली जाईल आणि काच अशीच राहील.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे पुढे समजून घेतले. टॅबच्या काचेखाली अतिशय सूक्ष्म विद्युतवाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. बोट जवळ येताच त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो. तो बदल मोजणारी एक छोटी चिप असते. बहुधा ती काचेलाच जोडलेल्या लवचीक पट्टीवर बसविलेली असते. रेषा किती, मोजणी कोणत्या कोपऱ्यापासून करावयाची, डावे कोणते व उजवे कोणते, हे त्या चिपला सांगणारी आज्ञावली म्हणजे फर्मवेअर. चिपने मोजलेले टॅबच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचविणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. काही स्वस्त चिपांना स्वतःची स्मृतीच नसते. टॅब सुरू होताना दर वेळी ड्रायव्हर त्यांना त्यांचा धडा नव्याने पढवितो, आणि तो धडा जुन्या काचेचा असतो. एकाच मॉडेलच्या टॅबमध्ये दोन-तीन निरनिराळ्या कारखान्यांच्या काचा असू शकतात. बाहेरून त्या जुळ्या बहिणी. आतील मोजणी मात्र वेगळी. म्हणून काच बसते, दिसते, आणि स्पर्श उलटा होतो.

आता रीसेटकडे पाहू. रीसेटने पुसला जातो तो आपला भाग: हिशेब, छायाचित्रे, पाठशाळेची पुस्तके. ड्रायव्हर राहतो तो प्रणालीच्या भागात, आणि रीसेट त्याला हातही लावत नाही. म्हणजे जे बिघडले ते तसेच राहते आणि जे शाबूत होते ते जाते. “सॉफ्टवेअर मारणे” हा त्याहून मोठा उपाय. त्यात ड्रायव्हर बदलू शकतो हे खरे. पण बहुतेक वेळा हिशेबही जातो, आणि चुकीची फाइल पडली तर टॅब सुरूच होत नाही. हिशेब बाहेर काढल्यावाचून या दोहोंपैकी कशालाही संमती देऊ नये.

तो बाहेर काढण्याची युक्ती सोपी निघाली. ओटीजी नावाची लहानशी जोडणी घेऊन टॅबला संगणकाचा साधा माउस लावला. पडद्यावर बाण उमटला. माउसला काचेशी कर्तव्य नसते, त्यामुळे सारी खाती त्याच रात्री पेनड्राइव्हवर उतरली.

मग परीक्षा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा दाबले की विकसकांचे पर्याय खुले होतात, त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू केले की बोटाची रेघ पडद्यावर दिसते. रेघ सलग, पण उलट्या बाजूस उमटली, तर दोष मोजणीचा, म्हणजे फर्मवेअरचा. एकाच पट्ट्यात दर वेळी तुटली, तर काच वा जोडपट्टी सदोष. चार्जिंगला लावल्यावरच बोटाविना ठिपके नाचू लागले, तर आधी चार्जर बदलून पाहावा. स्पर्श अजिबात नसेल, तर पट्टी नीट बसली आहे का ते पाहावे आणि बॅटरीची जोडणी क्षणभर सोडवून पुन्हा लावून घ्यावी. नुसते बंद-चालू केल्याने ती चिप पूर्ण विझतेच असे नाही. हे काम मात्र कारागिराचेच. आमची रेघ सलग होती, आणि उलटी.

कारागिराला दोष देऊन काय मिळणार? सुदैवाने आमची फुटकी काच त्याच्या भंगाराच्या डब्यात अजून होती. दोन्ही पट्ट्यांवरील क्रमांक ताडून पाहिले: आकडे तेच, शेवटचे अक्षर वेगळे. जुळणारी काच बाहेरून मागवावी लागली. तोवर दुकानात वहीच चालली. नवी काच त्याने या वेळी डिंक लावण्यापूर्वीच जोडून, चारही कोपरे तपासून मग चिकटविली.

ही अडचण स्वस्त टॅबचीच आहे असे समजू नये. २०१८ च्या मार्चमध्ये ॲपलने आयओएस ११.३ ही आवृत्ती दिली, तेव्हा बाहेरची काच बसविलेल्या काही आयफोन ८ चा स्पर्श बंद पडला. एप्रिलमधील ११.३.१ ने तो पुन्हा सुरू केला. काच तीच, फोन तोच. मधला दुभाषी तेवढा बदलला होता. म्हणून बदललेल्या काचेवर व्यवस्थित चाललेल्या टॅबलाही ऐन दिवाळीच्या तोंडावर अपडेट देण्याची घाई मी तरी करणार नाही.

दुरुस्तीला देताना तीन गोष्टी पावतीवर लिहवून घ्याव्यात: जुनी काच परत मिळेल, पट्टीवरील क्रमांक जुळवला जाईल, आणि विचारल्याशिवाय रीसेट होणार नाही. पक्की पावती हाती असली, तर तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळे संकेतस्थळही सुरू केले आहे.

आमच्या काचेचा क्रमांक बंधूंनी रोजमेळाच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवला आहे. दर शनिवारी रात्री खाती पेनड्राइव्हवर उतरविण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे.