हस्तशल्यचिकित्सेतील ‘जुळणी’ : मागणी कोणी घालावी?

शल्यचिकित्सकांस प्रशिक्षणाची जागा कशी मिळते, हा विषय भाषाभ्यासकाने हाती घ्यावा याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु अमेरिकेत या व्यवहारास जो शब्द रूढ आहे त्याचा ‘जुळणी’ हाच सरळ प्रतिशब्द होय. आणि तिच्यामागील गणितही विवाहाच्या दृष्टान्तावरच उभे आहे.

हाताच्या शल्यचिकित्सेत अस्थी, कंडरा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या व त्वचा यांचा एकत्र विचार करावा लागतो. त्यामुळे या शाखेस एकच एक माहेर नाही. अस्थिव्यंगोपचार, प्लॅस्टिक सर्जरी व सामान्य शल्यचिकित्सा या तिन्ही वाटांनी तीत प्रवेश होतो; येणाऱ्यांत अस्थिव्यंगोपचारवाल्यांचा भरणा मोठा आहे. पाच-सहा वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर एक वर्षाची फेलोशिप मिळते. हे एक वर्ष कोणत्या गुरूपाशी व कोणत्या गावी घालवावे, हा तिशीतील, बहुधा संसारी, उमेदवारापुढील प्रश्न असतो.

मध्यवर्ती जुळणी नसते तेथे रुग्णालये एकमेकांच्या आधी जागा देऊ करतात व उत्तर तडकाफडकी मागतात. हातची जागा सोडावी तर पुढची मिळेलच असे नाही. वैद्यकीय पदवीधरांसाठी १९५२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जुळणीचा लाभ हस्तशल्यचिकित्सेने १९९० पासून घेतला. अशी व्यवस्था एकदा लागली की टिकतेच असे मात्र नव्हे. जठरांत्रविकारांच्या फेलोशिपांची जुळणी १९९० नंतरच्या दशकाअखेरीस मोडली, घाईच्या मागण्यांचे राज्य पुन्हा आले, आणि ती घडी बसावयास २००६ साल उजाडले.

आता रीत पाहू. उमेदवार व रुग्णालये आपापल्या पसंतीची क्रमवार यादी गुप्तपणे देतात. डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली यांनी १९६२ साली दाखविले की, एका पक्षाने क्रमाने मागणी घालावी, दुसऱ्याने उत्तम मागणी तात्पुरती धरून ठेवावी व बाकीच्या नाकाराव्यात, असे करीत गेल्यास स्थिर जुळणी हाती येतेच. स्थिर म्हणजे अशी, की आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावे असे कोणत्याही दोघांस वाटू नये. समजा, ‘क’ या उमेदवारास पहिले रुग्णालय अधिक आवडते व ‘ख’ यास दुसरे. पण पहिल्या रुग्णालयास ‘ख’ हवा आहे व दुसऱ्यास ‘क’. उमेदवारांनी मागणी घातली तर दोघांचीही इच्छा पुरी होते. रुग्णालयांनी घातली तर रुग्णालयांची. दोन्ही जुळण्या स्थिर आहेत. वाक्य तेच, कर्ता तेवढा बदलला! आपल्याकडे मागणी कोणाकडून जावी याविषयी वडीलधारी मंडळी इतकी जागरूक का असतात, त्याचे हे गणिती समर्थनच म्हणावे लागेल.

अमेरिकेतील जुनी रीत रुग्णालयांच्या बाजूने मागणी घालणारी होती, हे ॲल्विन रॉथ यांनी १९८४ साली उघड केले. १९९८ पासून मागणी उमेदवाराकडून जाते. (रॉथ व शॅप्ली यांस २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, गेल त्यापूर्वीच, २००८ साली, निवर्तले होते.) या रीतीत उमेदवारास आपली खरी पसंती लिहिण्यातच हित असते, डावपेचाने क्रम फिरवून काहीही अधिक मिळत नाही. रुग्णालयांस मात्र ही हमी नाही.

मग डावपेच संपले काय? नाही, ते यादीच्या अलीकडे सरकले. यादीत सामान्यतः मुलाखत झालेल्यांचीच नावे येतात. २०२० च्या साथीपासून मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या व प्रवासाचा खर्च आड येईनासा झाला. उमेदवारास अधिक मुलाखती स्वीकारणे सोपे झाले. परंतु मुलाखतींच्या जागा मोजक्याच असल्याने, एकाने विनाकारण अडविलेली जागा दुसऱ्यास यादीबाहेरच ठेवते. या टप्प्यावर कोणतेही गणित त्याच्या मदतीस येत नाही.

दुसरा प्रकार शुद्ध भाषेचा आहे. तुम्ही आम्हांस कितव्या क्रमांकावर ठेवणार, असे उमेदवारास विचारण्यास रुग्णालयांना मनाई आहे. आपण होऊन आवड व्यक्त करण्यास नाही. तेव्हा मुलाखतीनंतर ‘आपण आम्हांस फार आवडलात’ असे पत्र येते. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या विधान आहे. ऐकणाऱ्यास ते वचन वाटते. त्यावर भिस्त ठेवून जो आपल्या खऱ्या पसंतीची जागा खाली ढकलतो, त्याची खालच्या पसंतीशी गाठ पडू शकते; आणि जुळणी बंधनकारक असल्याने ते वर्ष त्याला तेथेच काढावे लागते.