घोड्यावर माश्या बसू नयेत म्हणून घरी काय करता येईल?

पावसाळा लागला की डहाणूच्या पूर्वेला आशागड पट्ट्यात भातखाचरांत पाणी साचते, गोठ्यामागचे उकिरडे भिजतात आणि माश्या वाढतात. इथे बैल, म्हशी जास्त. घोडा एखाद्याच दारी. पण त्रास त्यालाही तितकाच. तो सतत शेपटी फटकारतो, पाय आपटतो, धड खातही नाही.

धोका कशाचा?

गोमाशी चावत असताना जनावराने हुसकावली, तर ती जवळच्या दुसऱ्या जनावरावर बसते. तोंडाला लागलेल्या रक्तातून ‘सर्रा’ रोगाचे परजीवी असे पसरतात. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे ते शोधले. गाई-म्हशींत हे परजीवी फारशी लक्षणे न दाखवता राहू शकतात. घोडा मात्र उपचाराविना दगावू शकतो. म्हणून घोडा गोठ्याला खेटून बांधू नये.

सर्वात मोठा उपाय: लीद उचलणे

घरमाशी आणि तबेल्यातली चावरी माशी लीद व ओल्या, कुजक्या गवतात अंडी घालतात. उबदार हवेत घरमाशीची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण ७ ते १० दिवसांत होते. एक घोडा दिवसाला १५ ते २५ किलो लीद टाकतो. ती रोज उचलून, दूर खड्ड्यात टाकून प्लास्टिकने घट्ट झाकली, तर आतल्या उष्णतेने बऱ्याच अळ्या मरतात. जमीन कोरडी ठेवावी.

अंगाला काय लावावे?

एक भाग कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल, दहा भाग खोबरेल तेलात मिसळून पाय आणि पोटाखाली लावता येते. आधी छोट्या जागी लावून एक दिवस पाहावे. डोळे, नाकपुड्या आणि जखमा टाळाव्यात. वास काही तासांत उडतो, घामाने व पावसाने आणखी लवकर. म्हणून पुन्हा लावावे लागते. व्हिनेगरच्या फवाऱ्यावर भरवसा ठेवू नये.

जुनी चादरही कामाची

२०१९ मध्ये इंग्लंडमध्ये घोड्यांना झेब्र्यासारखे पट्टे असलेली झूल घालून पाहिली. गोमाश्या जवळ आल्या, पण एकरंगी झुलीच्या तुलनेत अंगावर खूपच कमी बसल्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची पातळ सुती चादर शिवून हा प्रयोग घरी करता येतो. कपाळावर दोऱ्यांची झालर बांधली की डोळ्यांचे रक्षण होते. तबेल्यात पंखा लावला तर माश्यांना वाऱ्यात उडणे जड जाते; वायर मात्र घोड्याच्या तोंडापासून दूर हवी.

गोमाशी चिखलात, पाण्याकाठी वाढते, त्यामुळे फक्त लीद उचलून ती कमी होत नाही. ती दिवसा, उन्हात जास्त चावते. तेव्हा घोडा सावलीत, आत ठेवावा.

हे करू नये

- रॉकेल, फिनेल किंवा जळके इंजिन ऑइल अंगाला लावू नये. कातडी भाजते, विषबाधाही होऊ शकते.
- बंद तबेल्यात कडुनिंबाचा धूर करू नये. धुराने घोड्याच्या फुप्फुसांना त्रास होतो.
- पिकावर फवारायचे कीटकनाशक जनावरावर वापरू नये.

ताप येत-जात राहिला, घोडा खंगला, पोटाखाली किंवा पायांवर सूज आली, तर घरगुती उपाय थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे.