कर्नेल बदललं, पाठ तसाच राहिला

लिनक्सच्या कर्नेलमध्ये पहिल्यांदा डोकावणारे बरेच जण एखाद्या छोट्या मॉड्यूलपासून सुरुवात करतात. पाठातला नमुना शब्दशः उतरवतात, आणि कंपायलर सांगतो की या नावाचं फंक्शनच नाही.

गैरसमज: माझंच काहीतरी चुकलं.

हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त छळतो, कारण शिकणाऱ्याचा हुरूप इथेच जातो. प्रत्यक्षात चूक बहुतेकदा पाठाच्या वयाची असते. ‘प्रॉक’ या फाइलसिस्टिममध्ये फाइल तयार करण्याचंच बघा. जुन्या पाठांत त्यासाठी ‘क्रिएट_प्रॉक_एंट्री’ असतं. ते २०१३ साली, ३.१० आवृत्तीत काढून टाकलं गेलं. ज्यांनी पाठ दुरुस्त केले त्यांनी ‘प्रॉक_क्रिएट’ घातलं. मग २०२० मध्ये, ५.६ आवृत्तीत, त्याच फंक्शनला ‘फाइल_ऑपरेशन्स’ऐवजी ‘प्रॉक_ऑप्स’ द्यावं लागू लागलं. दुरुस्त केलेला पाठही शिळा झाला.

गैरसमज: लिनक्स तर जुने प्रोग्रॅम चालू ठेवतं, मग आतलं का मोडेल?

कारण ते वचन फक्त बाहेरच्या प्रोग्रॅमना आहे. सिस्टिम कॉल जपले जातात. आतल्या फंक्शनांबाबत असं वचन मुद्दामच दिलेलं नाही. कर्नेल विकसक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याची कारणं कर्नेलच्याच दस्तऐवजांत लिहून ठेवली आहेत. नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. एखादं फंक्शन बदलणाऱ्याने कर्नेलमधल्या त्याच्या सगळ्या वापराच्या जागा दुरुस्त करायच्या, हा रिवाज आहे. पण कर्नेलबाहेरच्या पुस्तकातली जागा दुरुस्त करणं कोणाच्याच वाट्याला येत नाही. पाठ जुने होण्याचं मूळ इथे आहे, लेखकाच्या आळसात नाही.

गैरसमज: मग २००५ चं पुस्तक रद्दीत घालावं.

मुळीच नाही. ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ची तिसरी आवृत्ती २.६.१० वर बेतलेली आहे आणि तिच्यातले बरेच नमुने आज जसेच्या तसे चालत नाहीत. पण इंटरप्ट हाताळताना झोपायचं का नाही, वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने दिलेल्या पत्त्यावर थेट विश्वास का ठेवायचा नाही, हे तिथे जे समजतं ते आजही खरं आहे. शेड्युलरचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. २००७ मध्ये २.६.२३ बरोबर ‘सीएफएस’ आलं आणि २०२३ मध्ये ६.६ पासून त्याची जागा ‘ईईव्हीडीएफ’ घेऊ लागलं. कोड नवा, पण त्यामागची कल्पना १९९०च्या दशकातल्या शोधनिबंधातली! म्हणून पाठ सुधारताना कल्पना आणि फंक्शनांची नावं वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवावीत, असं मी आग्रहाने सांगेन. मग पुढच्या बदलाला अर्धाच पाठ हलवावा लागतो.

गैरसमज: माहिती कोडमध्येच लिहिली की ती आपोआप ताजी राहते.

थोडं खरं आहे. २०१६ मध्ये, ४.८ पासून, कर्नेलचं डॉक्युमेंटेशन ‘स्फिंक्स’ या साधनावर जाऊ लागलं. फंक्शनच्या डोक्यावरच्या टिप्पणीतून त्याची पानं तयार होतात. पॅरामीटरचं नाव बदललं आणि टिप्पणीत जुनंच राहिलं, तर इशारा मिळतो. पण ‘हे फंक्शन बोलावण्याआधी लॉक घ्या’ हे वाक्य खोटं ठरलं, तर कुठलंही साधन ओरडत नाही. ते वाचणाऱ्या माणसालाच दिसतं.

गैरसमज: दुरुस्ती तज्ज्ञांनी करायची.

तज्ज्ञाला त्या पाठाची गरज उरलेली नसते. तो शेवटचा कधी वाचला, हेही त्याला आठवत नसतं. अडखळला तो नवशिका. नेमकी कोणती ओळ, कोणत्या आवृत्तीवर अडली, हे त्यालाच ठाऊक. डॉक्युमेंटेशनचा पॅचही कोडच्या पॅचसारखाच ईमेलने जातो, त्यावरही पाठवणाऱ्याची सही असते, आणि तो कोणाला पाठवायचा हे ‘गेट_मेंटेनर’ ही स्क्रिप्ट सांगते. स्वतःचे पाठ लिहिणाऱ्यांनी निदान नमुना कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिला, हे पहिल्या ओळीत लिहावं. पुढे अडखळणाऱ्याला मग आपली चूक शोधत रात्र घालवावी लागणार नाही.