गाठींमुळे वाढणारे कॅल्शियम

सार्कोइडोसिस या दाहक आजारात फुफ्फुसांत आणि लसिकाग्रंथींत प्रतिकारपेशींच्या बारीक गाठी तयार होतात. एरवी ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप मुख्यतः मूत्रपिंडात, गरजेपुरतेच बनते. या गाठींतल्या पेशी मात्र ते परस्पर बनवू लागतात आणि त्यांना लगाम राहत नाही. मग आतडी अन्नातले कॅल्शियम जास्त शोषतात. रक्तातली पातळी डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू शकते. तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, थकवा ही लक्षणे. मुतखड्याचा धोकाही वाढतो. स्टेरॉइडने दाह शमला की पातळी सहसा उतरते. क्षयरोगातही कधी कधी कॅल्शियम असेच वाढते. असे आजार असलेल्यांनी कॅल्शियमच्या किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.